पंचफुला आणि सात भेगा

नवा कोरा रस्ता कापताना पंचफुलानं पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिच्या हातातला पाइप तसाच राहिला आणि पाणी भलतीकडंच वाहून गेलं. सकाळी सहापासून तीस-पस्तीस माणसांनी खपून तो काँक्रीटचा रस्ता टाकला होता. वरून ब्रशनं बारीक रेघोट्या ओढून कसा देखणा केला होता. आणि दुपारी तीनच्या सुमारास रतनसिंग कटर मशीन ढकलत आला, नि पंधरा-पंधरा फुटांवर त्याला आडवे काप मारत सुटला.

"रतनभाऊ, अवो चांगला रस्ता हाये ना! कापून काहून राह्यले?"

रतनसिंगनं मशीन बंद केलं, तोंडावरचा गमछा खाली ओढला. माणूस मूळचा राजस्थानचा, पण विदर्भातल्या रस्त्यांवर इतकी वर्षं काढलेली, की त्याची भाषा अर्धी इकडची नि अर्धी तिकडची झाली होती. तो म्हणाला, "बाई, हा फुटनारच हाये. गरमी में फुगते, ठंडा पडला का आकसते. त्याले कोन रोकनार? आपन फक्त त्याले सांगतो, बाबा, फुटायचं तं या रेघेवर फूट."

पंचफुला हसली. रस्त्याला सांगायचं म्हणे! पण ते बोलणं तिच्या मनात घर करून राहिलं. या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली.

पंचफुला किन्हीराजाची. म्हणजे लग्न होऊन किन्हीराजात आलेली. माहेर रिसोडच्या बाजूचं एक लहानसं खेडं. तिचे वडील उकंडराव दुसऱ्याच्या शेतात राबणारे, पण एका गोष्टीत फार हट्टी होते. आपल्या घरातली पोरगी कुठंच अंगठा लावणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. गावात शाळा चौथीपर्यंत. पुढच्या तीन वर्गांसाठी पंचफुला रोज साडेतीन किलोमीटर चालत गेली. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की उकंडराव कामाचा खाडा करून तिला खांद्यावर बसवून पलीकडं सोडत. आठवीला शाळा रिसोडात होती, तिकडं जायला सोय नव्हती, म्हणून शिक्षण तिथंच थांबलं. पण त्या सात वर्गांचं तिला फार मोल होतं. वडील जाऊन बारा वर्षं झाली, तरी कुठं नाव लिहायची वेळ आली की तिला तो नाला आठवायचा नि मनातल्या मनात ती म्हणायची, बाबा, तुमच्यामुळं.

नवरा जगदेव शांत स्वभावाचा. दीड एकर जमीन, त्यात सोयाबीन नि तूर. शेतीचं काम नसेल तेव्हा तो गवंड्याच्या हाताखाली जाई, नि पंचफुला रस्त्याच्या कामावर. तिचं काम पाणी मारायचं. काँक्रीट टाकलं की ते जरा कडक झाल्यावर त्यावर बारदाना अंथरायचा, म्हणजे ज्यूटची जुनी पोती उसवून केलेले लांब तुकडे, आणि तो बारदाना दोन आठवडे सुकू द्यायचा नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी. बघणाऱ्याला वाटतं यात काय एवढं? पण एप्रिल-मेमध्ये वाशिम जिल्ह्यात पारा चव्वेचाळीसवर गेला की बारदाना अर्ध्या तासात कडकडीत होतो. पाइप हातात घेऊन इकडून तिकडं नि तिकडून इकडं. पायातली चप्पल खालून वितळते की काय असं वाटतं. अकरा वर्षं हे केल्यावर पंचफुलाला ओलं काँक्रीट हाताच्या पालथ्या बाजूनं कळायला लागलं होतं. ऊन नसतानाही नवं काँक्रीट आतून गरम असतं, अंगात बारीक ताप असल्यासारखं, हेही तिला कोणी न सांगता कळलं होतं.

हे सगळं तिच्या उपयोगी पडलं ते दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात.

तिच्याच, वाशिममधल्या मालेगाव तालुक्यातल्या एका रस्त्याचं काम चालू होतं. पाणी मारायला आठ बायका. त्यात पंचफुला, आणि तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी, तोंडानं फटकळ पण मायाळू कमलीबाई. मुकादम पुंजाजी. कटर मशीनवर रतनसिंगच होता, योगायोगानं. आणि कामाचा दर्जा तपासायला वैजयंती मॅडम, वय तीस-बत्तीस. त्यांच्याकडं दोन कामं होती, त्यामुळं त्या आठवड्यातून तीन दिवस इकडं यायच्या.

त्या दिवशी मॅडम नव्हत्या. सकाळी सहाला माल टाकायला सुरुवात झाली, अकराला संपली. ऊन असं, की डोळे उघडवत नव्हते. अडीच वाजता रतनसिंगनं कापायला सुरुवात केली. नऊ काप मारून झाले, आणि दहाव्याला खट् असा आवाज होऊन ब्लेड तुटलं. दुसरं ब्लेड साइटवर नव्हतं. माणूस मोटारसायकलवर अकोल्याला पाठवला. तो येईपर्यंत पुढचा सगळा रस्ता तसाच, न कापलेला.

चार वाजता पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. वारा सुटला, ताडपत्र्या उडाल्या, आणि बघता बघता गारा. बोराएवढ्या गारा वीस मिनिटं कोसळत होत्या. बायका टँकरच्या खाली शिरल्या. घामानं चिंब झालेल्या अंगाला अशी हुडहुडी भरली, की कमलीबाईचे दात वाजायला लागले.

"एप्रिलात हिवाळा आला का वो माय!" ती म्हणाली.

गारा थांबल्यावर पंचफुला बारदाना सारखा करायला धावली. सवयीनं तिनं काँक्रीटवर हात ठेवला. दुपारी जे तापलेल्या तव्यासारखं होतं, ते वरून बर्फासारखं गार पडलं होतं. हात ठेवताच तिला उगाचच कसंतरी झालं, पण का ते सांगता आलं नसतं.

अकोल्याला गेलेला माणूस वादळात अडकला. ब्लेड दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. काप मारायला बारदाना काढला, उन्हात रस्त्याचा वरचा ओलावा सुकत गेला, आणि सुकलेल्या पांढऱ्या रस्त्यावर ओल्या काळ्या रेघा तेवढ्या उरल्या. एक, दोन, तीन... पंचफुलानं मोजल्या. सात. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, वाकड्यातिकड्या. रतनसिंग त्या रेघांकडं बघत नुसता उभा राहिला. मग ठेकेदाराच्या, साइटवरच्या मोठ्या साहेबानं सांगितलं म्हणून त्यानं राहिलेले काप मारले, आणि वरून बारदाना अंथरला गेला.

तीन दिवसांनी वैजयंती मॅडम आल्या. बारदाना उचलून त्यांनी भेगा पाहिल्या.

"हे कसं झालं?"

"पाणी कमी पडलं," मोठा साहेब लगेच म्हणाला. "ह्या बायका सावलीत बसून राहतात. मी आठही जणींना उद्यापासून बंद करतोय. पुंजाजी, नवीन लेबर बघा."

पुंजाजीनं मान डोलावली. बायकांकडं त्यानं पाहिलंच नाही.

आठ जणी गोळा होऊन उभ्या होत्या. कमलीबाई पुटपुटत शिव्या देत होती. बाकीच्या खाली बघत होत्या. काम जाईल हे दुःख होतंच, पण पंचफुलाला जास्त लागलं ते दुसरंच. चार दिवस त्यांनी जेवणाच्या सुट्टीतही पाळी लावून पाणी मारलं होतं. हातांची कातडी पांढरी पडून सुटली होती. आणि हा माणूस म्हणतो सावलीत बसल्या! सावली होती तरी कुठं त्या माळावर?

मॅडम गाडीकडं वळल्या. आणखी पाच पावलं गेल्या असत्या तर गोष्ट तिथंच संपली असती.

"मॅडम," पंचफुला म्हणाली, "मी एक सांगू का?"

"तू गप बस," साहेब म्हणाला.

मॅडम थांबल्या. "बोला मावशी."

पंचफुलाचं एकदा तोंड उघडलं, नि शब्द आपोआप येत गेले. "मॅडम, अकरा वर्सं झाले मी पाणी मारतो. पाणी कमी पडलं का काँक्रीट कसं फाटते, हे म्या पाह्यलं हाये. तळं आटलं का त्यातला गाळ कसा फाटते? तसं. बारीक बारीक जाळी होते, वरच्या वर. ह्या भेगा तशा नाईत. ह्या तं आरपार हायेत."

"आरपार? कशावरून?"

"या इकडं."

ओला माल अडवायला रस्त्याच्या बाजूनं लावलेले लोखंडी चॅनल काढलेले होते, त्यामुळं काँक्रीटची कड उघडी होती. पंचफुला खाली बसली नि तिनं बोट ठेवलं. वरची भेग कडेवरून खाली उतरत थेट बुडापर्यंत गेली होती. मॅडमही शेजारी उकिडव्या बसल्या. त्यांच्या स्वच्छ पँटीला चिखल लागला, पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

"अन् दुसरं," पंचफुला म्हणाली, "त्या दिवशी पयले नऊ काप झाल्ते. तिथं एक बी भेग नाई. पुढं काप नव्हते, तिथं सात. पाणी मारणाऱ्या आमीच, टँकर तोच, पाणी बी तेच. आमी चोरच असतो, तं तिकडचा रस्ता बी फाटला पाह्यजे होता ना?"

मॅडम उठल्या नि पहिल्या नऊ कापांकडं चालत गेल्या. प्रत्येक कापापाशी बसून कड तपासू लागल्या. चौथ्या कापापाशी त्यांनी पंचफुलाला हाक मारली. "मावशी, हे बघा."

कापाच्या बरोबर खाली, कडेवर, केसाएवढी बारीक रेघ बुडापर्यंत गेली होती.

"हासुद्धा फुटलाय," मॅडम म्हणाल्या, "पण सांगितल्या जागी. बाहेर दिसतसुद्धा नाही."

पंचफुलानं चमकून रतनसिंगकडं पाहिलं.

मॅडम परत आल्या. सात भेगांपाशी नंतर मारलेल्या कापांचं अंतर त्यांनी वितेनं मोजलं. काप इथं, तर भेग त्यापासून वीतभर लांब. म्हणजे भेग आधी पडली, काप नंतर मारला.

"त्या दिवशी काप कधी मारले?" त्यांनी विचारलं.

"संध्याकाळीच," मोठा साहेब म्हणाला. "वेळेवर. बायकांचं काय ऐकता मॅडम?"

"मी भेगांचं ऐकतेय," मॅडम म्हणाल्या.

तेव्हा रतनसिंग पुढं आला. घरापासून हजार किलोमीटर लांब, ह्याच साहेबाच्या हाताखाली पोट भरणारा माणूस. त्यानं गमछा काढून हातात धरला. "मॅडम, ब्लेड टूट गई थी. दुसऱ्या दिवशी दस बजे आली. एक हप्ता पयलेच मी सायबाले बोललो होतो, की एक ब्लेड जादा पाह्यजे. ह्या बायांची काही गलती नाही."

साहेबाचा चेहरा उतरला. तो फोन कानाला लावून बाजूला गेला. फोन वाजलेला कोणीच ऐकला नव्हता.

मग मॅडमनी सगळ्यांना जवळ बोलावलं, बायकांना, मुकादमाला, ब्रश मारणाऱ्यांनाही. त्या म्हणाल्या, "काँक्रीट घट्ट होताना आतून तापतं. त्यात त्या दिवशी बेचाळीस डिग्रीचं ऊन. आणि गारा पडल्यावर तासाभरात वरून ते एकदम थंड झालं. थंड झालं की ते आखडतं. पण खाली ते जमिनीला धरून असतं, त्याला सरकता येत नाही. मग ते तुटतं. आपण वेळेवर काप मारला असता, तर कापाखाली तुटलं असतं. पाण्याचा यात दोष नाही. उलट तुम्ही पाणी नीट मारलं म्हणून वरची जाळी कुठंच नाही. आठही जणी उद्या कामावर यायचं."

कमलीबाईनं पदरानं डोळे पुसले नि पंचफुलाच्या पाठीत एक जोराचा धपका घातला. "पंचफुले, तुह्या तोंडात साखर पडो वो!"

दुपारी पुंजाजी बायका जेवत होत्या तिथं आला. उभाच राहिला. "बाई, मले बी मालूम होतं," तो म्हणाला. "पण माही जीभच उठली नाई. घरी पाच खाणारे हायेत."

पंचफुलाच्या मनात राग होता, नाही असं नाही. पण समोर उभ्या माणसाच्या कानशिलावरून घाम ओघळत होता नि तो पुसायचंही त्याला भान नव्हतं. "बसा मुकादम," ती म्हणाली. "भाकर खा." तो बसला. कमलीबाईनं आपल्यातला ठेचा त्याला वाढला, पण तिखटपणाचं काही सांगितलं नाही. पहिल्याच घासाला त्याला ठसका लागला, नि आठही बायका हसल्या.

ते सातही तुकडे फोडून पुन्हा टाकायचे ठरले. मोठा साहेब पंधरा दिवसांत दुसरीकडं गेला. त्याचं पुढं काय झालं ते पंचफुलाला ठाऊक नाही, तिनं विचारलंही नाही.

मॅडमनी मात्र दुसऱ्याच दिवशी पंचफुलाला तंबूत बोलावलं. टेबलावर दोन थर्मामीटर होते. "वाचता येतं ना?"

"सातवी झाली हाये."

"मग हे तुमचं काम. हवेचं तापमान, आणि गाडीतून आलेल्या मालाचं तापमान. दर तासाला लिहायचं. हवा एकदम थंड व्हायला लागली किंवा आभाळ आलं, तर मला फोन, रतनसिंगला हाक. आणि माल पस्तीसच्या वर आला तर गाडी खाली करू द्यायची नाही."

"म्या? गाडी रोखू?"

"तुम्हीच. कोणी काही म्हटलं तर माझं नाव सांगा."

पहिले चार दिवस पंचफुला थर्मामीटर असा धरायची, जसं पाळण्यातलं लेकरू. आकडा दोनदा वाचायची, मग लिहायची. पाचव्या दिवशी दहाच्या सुमाराला आलेल्या गाडीत पारा अडतीसवर गेला. तिनं पुन्हा लावून पाहिला. अडतीसच. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ब्रशवाले तयार उभे होते. पंचफुला गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिली नि तिनं हात आडवा केला.

"काय झालं बाई?"

"माल तापला हाये. परत न्या."

ड्रायव्हर खाली उतरून भांडायला लागला. पंचफुलानं हात आडवाच ठेवला. तेवढ्यात मागून पुंजाजीचा आवाज आला. "बाईनं सांगतलं ना? फिरव गाडी." ह्या वेळी त्याची जीभ उठली होती.

त्यानंतर मॅडमनी माल टाकायची वेळ बदलली. तांबडं फुटायच्या आत सुरुवात, आठला बंद. खडीच्या ढिगावर सावलीचं कापड बांधलं, माळाच्या कडेलाच माल कालवायचे, त्या पाण्यात बर्फ टाकायचं ठरलं. मालेगावहून बर्फाच्या लाद्या यायच्या. त्या फोडताना जे तुकडे उडायचे, ते बायका उचलून तोंडात टाकायच्या. भर एप्रिलात, त्या बोडक्या माळावर, तोंडात बर्फाचा खडा! पंचफुला म्हणायची, सासरी-माहेरी कुठंच इतका लाड झाला नव्हता. एक तुकडा ती फडक्यात गुंडाळून जगदेवसाठी न्यायची. घरी पोचेपर्यंत फडकं ओलं तेवढं उरायचं. जगदेव ते ओलं फडकं मानेवर ठेवायचा नि म्हणायचा, "लय गार हाये वो."

पुन्हा टाकलेले सातही तुकडे नीट झाले. एकही भेग पडली नाही.

डिसेंबरात तिथलं काम संपलं. रतनसिंगला लांब दुसरीकडं बोलावणं आलं. तो निघाला त्या दिवशी पंचफुला नि जगदेव दोघं त्याला भेटायला गेले. पंचफुलानं घरच्या तुरीची डाळ दिली, जगदेवनं त्याचा हात हातात घेतला. जगदेव कमी बोलणारा, पण त्या दिवशी बोलला. "भाऊ, तुमी त्या दिवशी बोलले नसते तं हिचं कोनी ऐकलं नसतं."

रतनसिंग म्हणाला, "नाही भाऊ. ही पहले बोलली, म्हणून मले शरम वाटली." ट्रक सुटला, धुळीत दिसेनासा झाला, तरी पंचफुला हात हलवत होती.

आता पंचफुला रिसोडच्या बाजूला एका कामावर आहे. पाइप सुटला नाही, हौसेनं अधूनमधून धरतेच, पण तिचं मुख्य काम आता थर्मामीटरचं. तिच्या सुना शोभतील अशा वयाच्या चार नव्या बायका तिच्या हाताखाली आहेत. त्यातली निता नावाची बारावी झालेली आहे. ती पटपट आकडे लिहिते, पण हात लावून पाहत नाही. पंचफुला तिचा हात धरून काँक्रीटवर ठेवते. "आकडा लिहायचाच हाये. पन हात बी ठेव. ताप समजते."

वैजयंती मॅडमची बदली नांदेडकडं झाली. पण उन्हाळा लागला की त्यांचा फोन येतो. परवाही आला. दुपारचे बारा वाजले होते.

"मावशी, तुमच्याकडं आज किती?"

"त्रेचाळीस, मॅडम. तुमच्याकडं?"

"इथंही तेवढंच. डोक्यावर काही घेतलंय ना?"

"घेतलं हाये. तुमी जेवले का?"

मॅडम जेवल्या नव्हत्या. पंचफुला त्यांना फोनवरच रागावली. आधी जेवा, मग रस्ता पाहा, म्हणाली. मॅडम हसल्या नि हो म्हणाल्या. फोन ठेवल्यावर निता विचारू लागली, कोण होतं, तुमची कोण लागते?

पंचफुलाला नात्याचा शब्द सापडेना.

"माहीच हाये," ती म्हणाली, नि नव्यानं आलेल्या गाडीकडं चालू लागली.